गावाच्या हाती राज्य देणारे राजे

औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे हे चरित्र. औंध म्हणजे आपण सांगवीवरून पुण्याला जाताना लागतं ते नव्हे बरं का! हे सातारा जिल्ह्यातलं, यमाईच्या डोंगराखालचं.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. १९०९ साली ते गादीवर बसले. संस्थान लहान, गावे ७२, आणि तीही विखुरलेली. औंध इकडे, आटपाडी तिकडे, एक तुकडा तर पार विजापूरकडे. राजेसाहेब चित्रे काढीत, कीर्तन करीत आणि रोज सूर्यनमस्कार घालीत. नमस्कार शाळाशाळांतून सुरू व्हावेत म्हणून ते फार झटले. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी त्यांनी कुंडलच्या माळावर जागा दिली. तीच किर्लोस्करवाडी.

पण सर्वांत मोठी गोष्ट पुढेच आहे. १९३८ साली आपल्या वाढदिवशी त्यांनी राज्याचा कारभार प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले. त्या दिवसांत राजकोटसारख्या संस्थानांत लोक हक्क मागत होते आणि लाठ्या खात होते. इथे राजाच आपणहून द्यायला निघाला! राजपुत्र आप्पासाहेब आणि पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांनी गांधीजींचा सल्ला घेतला, आणि जानेवारी १९३९ मध्ये नवा कायदा झाला.

गावाने पाच जणांची पंचायत निवडायची. पंचायतींच्या प्रमुखांची तालुका समिती, आणि तिच्यातून वर कायदेमंडळात माणसे जायची. साऱ्याच्या पैशाचा मोठा वाटा परत खाली यायचा. मग आधी विहीर की आधी शाळा, ते खालच्या लोकांनीच बसून ठरवायचं. गावात भाऊबंदकी असते, तंटे असतात, हे राजाला काय ठाऊक नव्हतं? तरी तंटे मिटवण्याचं कामसुद्धा त्यांनी गावावरच सोपवलं. आम्हाला हेच जास्त धाडसाचं वाटतं.

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत झाली. तिथे कैदी भिंतीवाचून, बायकामुलांसह राहून शेती करू लागले. ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा सिनेमा त्यावरूनच सुचला.

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेब वारले. आपली जिल्हा परिषद, पंचायत समिती आली ती त्यानंतर, १ मे १९६२ ला.

औंधच्या डोंगरावर बाळासाहेबांनी उभारलेले चित्रांचे संग्रहालय आहे. सहल तिकडे गेली तर बघायला मिळेल.