धुण्याच्या टोपल्या वाहणाऱ्या मुलीने बँक काढली आणि शाळकरी पोरांना खातेदार केलं

गोष्ट अमेरिकेतल्या रिचमंड शहरातली. १८७६ मध्ये मॅगी नावाच्या मुलीच्या सावत्र वडिलांचा मृतदेह नदीत सापडला. आई एकेकाळची गुलाम. घर चालवण्यासाठी तिने लोकांचे कपडे धुवायला घेतले. धुतलेल्या कपड्यांच्या टोपल्या गोऱ्यांच्या घरी पोहोचवायचं काम मॅगीकडे आलं.

त्याआधी दोनच वर्षं एक मोठा घोळ झाला होता. गुलामीतून सुटलेल्या लोकांसाठी सुरू केलेली फ्रीडमन्स बँक १८७४ मध्ये बुडाली. ६१ हजारांहून जास्त खातेदारांचे जवळपास ३० लाख डॉलर अडकले. आता ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पैसे साठवले आणि तेही गेले, ते पुन्हा बँकेची पायरी कशाला चढतील? गोऱ्यांच्या बँकांत त्यांना मान नव्हता, म्हणून पैसा घरातच पडून राहायचा.

मॅगी १४ व्या वर्षी सेंट ल्यूक नावाच्या संस्थेत गेली. सभासदांनी थोडी थोडी वर्गणी भरायची आणि कुणी आजारी पडलं किंवा वारलं, तर संस्थेने मदत करायची, असं तिचं काम. पुढे मॅगी शिक्षिका झाली. १८८६ मध्ये लग्न झालं आणि तिथल्या नियमानुसार नोकरी सोडावी लागली. मग तिने सगळा वेळ संस्थेला दिला. १८९५ मध्ये मुलांसाठी वेगळी शाखा काढायची कल्पना तिचीच.

१८९९ मध्ये संस्थेचा कारभार मॅगी वॉकर यांच्या हाती आला, तेव्हा तिजोरीत होते ३१ डॉलर ६१ सेंट आणि डोक्यावर कर्ज ४०० डॉलरचं. अशी संस्था बँक काढेल, हे कुणाला खरं वाटलं असतं? पण त्यांनी आधी एका गोऱ्यांच्या बँकेत बसून कामकाज शिकून घेतलं आणि २ नोव्हेंबर १९०३ ला 'सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक' सुरू केली. पहिल्याच दिवशी ९ हजार ३०० डॉलरहून जास्त जमा झाले. एकाने तर फक्त ३१ सेंट भरले, आणि त्याचंही खातं उघडलं गेलं.

अमेरिकेत बँक काढून तिची अध्यक्ष होणारी ही पहिली कृष्णवर्णीय महिला. पण यातला सगळ्यात भारी भाग मुलांचा आहे. त्यांना पैसे साठवायला पुठ्ठ्याचे छोटे डबे दिले जायचे. आपल्याकडच्या मातीच्या गल्ल्यासारखेच म्हणा ना. एकेक सेंट करत डॉलर भरला की मूल बँकेत जाऊन स्वतःच्या नावावर खातं उघडायचं. व्याज म्हणजे काय, हे त्याला फळ्यावर शिकवायची गरजच उरायची नाही. आणि पोराचं खातं उघडलं की बँकेशी घराचीही ओळख व्हायची.

बँकेत नोकरीला कृष्णवर्णीय बायका होत्या. धुणीभांडी करणाऱ्या बायका खातेदार होत्या. त्यांच्या साठलेल्या पैशातून शेकडो कुटुंबांना घरासाठी कर्ज मिळालं.

सगळंच जमलं असं नाही. १९०५ मध्ये काढलेलं दुकान काही वर्षांत बंद पडलं. १९१५ मध्ये चोर समजून मुलाने झाडलेल्या गोळीने पती गेले. १९२८ पासून त्या व्हीलचेअरवर होत्या.

महामंदीत अमेरिकेतल्या हजारो बँका बुडाल्या. वॉकर यांची बँक शहरातल्या इतर कृष्णवर्णीयांच्या बँकांमध्ये विलीन झाली, त्या नव्या बँकेच्या मंडळाच्या अध्यक्ष झाल्या आणि ती बँक टिकली. डिसेंबर १९३४ मध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हाही तिचे व्यवहार सुरू होते.