डॉ. कमला सोहोनी

दुधात लिंबाचा रस पडला की ते फुटते, हे प्रत्येक घराला ठाऊक असते. नीरेसाठी झाडावर टांगलेल्या मडक्याला आतून चुन्याचा लेप द्यावा लागतो, हे नीरा काढणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. लिंबाचा रस हे आम्ल आणि चुना ही आम्लारी. पुस्तकात रुक्ष वाटणारी ही नावे आपल्या रोजच्या अन्नात अशी मिसळून गेलेली आहेत. याच साध्या, गरिबाच्या अन्नाला ज्यांनी प्रयोगशाळेत मानाचे स्थान दिले, त्या डॉ. कमला सोहोनी. स्वतःला त्या प्रयोगशाळेत स्थान मिळावे म्हणून मात्र त्यांना आधी झगडावे लागले.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. माहेरचे आडनाव भागवत. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते व बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले होते. थोरली बहीण दुर्गा भागवत पुढे लोकसाहित्याच्या अभ्यासक आणि लेखिका म्हणून महाराष्ट्राला परिचित झाल्या. गंमत अशी की धाकटीने अन्नातील रसायन शोधले, तर थोरलीने ‘खमंग’ या नावाने पाककृतींचे पुस्तक लिहिले.

१९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र हे विषय घेऊन पदवीधर झाल्या. वडील व काका जेथे शिकले, त्याच बंगळूरच्या संस्थेत संशोधन करावे असे त्यांच्या मनात होते. गुण उत्तम होते. तरीही अर्ज नाकारला गेला. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन. त्यांना नोबेल पारितोषिक मिळून तीनच वर्षे झाली होती आणि देशभर त्यांचा दबदबा होता. अर्ज नाकारण्याचे कारण एकच होते, अर्जदार स्त्री आहे.

दुसरी एखादी मुलगी निमूटपणे घरी बसली असती. कमलाबाई वडिलांसह बंगळूरला गेल्या आणि त्यांनी रामन यांना नकाराचे कारण समोरासमोर विचारले. मिठाच्या सत्याग्रहाला तेव्हा तीनच वर्षे लोटली होती. गांधीजींच्या विचारांचा प्रभाव असलेल्या या बावीस वर्षांच्या तरुणीने प्रवेश मिळेपर्यंत तेथून न हलण्याचा निर्धार केला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतदेखील, काम करावे लागणार होते. त्यांच्या वावरामुळे पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये, अशीही एक अट होती. विज्ञानाच्या मंदिरात घालण्यात आलेल्या या अटी आज वाचतानाही मनाला बोचतात. कमलाबाईंनी त्या मान्य केल्या, पण त्यामागील अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत.

मार्गदर्शक म्हणून त्यांना एम. श्रीनिवासय्या लाभले. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. भारतातील बहुसंख्य लोकांना प्रथिने मिळतात ती डाळी-कडधान्यांतूनच; म्हणून हा विषय मोलाचा होता. कडधान्यांतील बरीचशी प्रथिने निव्वळ पाण्यात विरघळत नाहीत, परंतु पाण्यात थोडा क्षार असला की विरघळतात. अशा गुणधर्मांच्या आधारे रसायनशास्त्रज्ञ एक प्रथिन दुसऱ्यापासून वेगळे करतात. वर्षभरात कमलाबाईंचे काम पाहून रामन यांचे समाधान झाले. त्यांचा प्रवेश नियमित झाला आणि पुढे त्या संस्थेत इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला. १९३६ मध्ये त्यांनी एम.एस्सी. पदवी संपादन केली.

त्यानंतर त्या इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तेथे प्रथम डेरेक रिक्टर व नंतर रॉबिन हिल यांच्यासमवेत त्यांनी संशोधन केले. बटाट्यावर काम करीत असताना, वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हे श्वसनक्रियेशी संबंधित प्रथिन असते, असे त्यांनी दाखवून दिले. प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. केंब्रिजमधून विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

परदेशात राहण्याची संधी असूनही त्या त्याच वर्षी मायदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय आणि कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा येथे त्यांनी काम केले. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईला आल्या व तेथील विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या.

मुंबईतील त्यांचे संशोधन सामान्य माणसाच्या ताटाभोवतीच फिरत राहिले. वालाचेच उदाहरण घ्या. अन्नातील प्रथिनांचे पचन जठरातील तीव्र आम्लात सुरू होते आणि पुढे लहान आतड्यात, सौम्य आम्लारीधर्मी माध्यमात, ट्रिप्सिन नावाचे विकर ते पुढे नेते. कच्च्या वालात या ट्रिप्सिनलाच अडवून धरणारे पदार्थ असतात. कमलाबाई व त्यांचे सहकारी के. एस. आंबे यांनी वाल व डबल बी यांतून असे पदार्थ स्फटिकरूपात वेगळे केले. हे संशोधन १९५५ साली ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वाल भिजवून, मोड आणून, नीट शिजवून खाण्याची आपली जुनी रीत किती शहाणपणाची आहे, हे यावरून उमगते.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचाही अभ्यास हाती घेतला. नीरा म्हणजे ताड, माड, शिंदी यांसारख्या झाडांचा गोड रस. उन्हे चढली की ती आंबू लागते, साखरेचे मद्य होते, पुढे त्याचेही आम्ल बनते. मडक्यातील चुना रस आम्लारीधर्मी ठेवतो आणि आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवांना वाढू देत नाही. ताज्या नीरेत अ व क जीवनसत्त्वे आणि लोह असल्याचे कमलाबाईंना आढळले. यांपैकी क जीवनसत्त्व हे स्वतःच एक आम्ल आहे. कुपोषित आदिवासी मुलांच्या व गर्भवती स्त्रियांच्या आहारात नीरेची भर घातल्यावर त्यांची प्रकृती सुधारली. या कार्यासाठी कमलाबाईंना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दुधाच्या गुणवत्तेविषयी सल्ला दिला. ताज्या दुधाचा सामू सुमारे ६.६ असतो. जिवाणू दुधातील साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात, सामू ४.६ च्या आसपास घसरतो आणि केसीन हे प्रथिन गोठून दूध नासते. लाखो घरांना दूध पुरवायचे तर ही क्रिया रोखणे किती निकडीचे असते, याची कल्पना करता येईल.

विज्ञान संस्थेच्या संचालकपदासाठी त्यांना काही वर्षे ताटकळावे लागले. अखेर ते पद त्यांनी भूषविले. निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९६६ साली मुंबईत नऊ महिलांनी स्थापन केलेल्या ग्राहक मार्गदर्शक संस्थेत त्या काम करू लागल्या. आंबू लागलेल्या दुधात सोडा घालून आम्लाचे उदासिनीकरण करायचे आणि ते दूध ताजे म्हणून विकायचे, ही भेसळीची जुनी युक्ती आहे. अशा फसवणुकीपासून ग्राहकाने सावध राहावे म्हणून कमलाबाईंनी संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात सोप्या भाषेत लेख लिहिले. १९८२-८३ मध्ये त्या या संस्थेच्या अध्यक्षा होत्या. १९९८ साली नवी दिल्लीत त्यांचा सत्कार चालू असतानाच त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.