ज्युलिअस ॲक्सेलरॉड

ज्युलिअस ॲक्सेलरॉड (३० मे १९१२ – २९ डिसेंबर २००४) हे अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ होते. चेतातंतूंतून स्रवलेले नॉरॲड्रेनलिन त्याच तंतूंत परत शोषले जाते, हे त्यांनी सिद्ध केले. या क्रियेला पुनर्ग्रहण म्हणतात. नैराश्यावरील अनेक औषधांचे, तसेच मूत्राशयावरील ताबा सुटण्याच्या एका उपचाराचे कार्य या शोधामुळे उलगडले.

जीवन

त्यांचा जन्म न्यू यॉर्कमधील एका गरीब स्थलांतरित ज्यू कुटुंबात झाला. वडील टोपल्या विणत. १९३३ मध्ये पदवी मिळाल्यावर त्यांनी वैद्यकीय शिक्षणासाठी केलेले अर्ज नाकारले गेले. अन्नातील जीवनसत्त्वे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करत असताना अमोनियाची बाटली फुटून त्यांनी डावा डोळा गमावला. पुढे बर्नार्ड ब्रॉडी यांच्या मार्गदर्शनाखाली ते संशोधनाकडे वळले. पीएच.डी. त्यांना चाळिशी उलटल्यावर, १९५५ मध्ये मिळाली.

संशोधन

नॉरॲड्रेनलिनचा प्रभाव विकरांमुळे संपतो, असा तेव्हा समज होता. असे एक विकर स्वतः ॲक्सेलरॉड यांनीच शोधले होते. परंतु विकरांचे कार्य रोखूनही तो प्रभाव ओसरतच राहिला. किरणोत्सारी नॉरॲड्रेनलिन वापरून केलेल्या प्रयोगांत ते चेतातंतूंच्या टोकांत साठते आणि इमिप्रॅमिनसारखी औषधे त्याला अडवतात, असे आढळले. १९७० मध्ये त्यांना बर्नार्ड कात्झ व उल्फ फॉन ऑयलर यांच्यासह वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मूत्राशयाशी संबंध

मूत्रमार्ग आवळून धरणाऱ्या स्नायूला मेरुरज्जूच्या खालच्या भागातील चेतापेशी आज्ञा देतात. नॉरॲड्रेनलिन व सिरोटोनिन या पेशींना अधिक उत्तेजनक्षम करतात. ड्युलोक्सेटिन हे औषध दोहोंचे पुनर्ग्रहण रोखते. त्यामुळे मूत्राशय भरत असताना स्नायूची पकड घट्ट राहते. खोकताना वा शिंकताना लघवी सुटणे ही अनेक स्त्रिया संकोचाने लपवत असलेली व्यथा आहे. तिच्या मध्यम ते तीव्र स्वरूपावर हे औषध वापरण्यास युरोपीय संघाने २००४ मध्ये मान्यता दिली. मळमळीमुळे मात्र अनेकींना ते सोडावे लागते. पुनर्ग्रहण रोखणाऱ्या काही औषधांनी याउलट लघवी होण्यास अडथळाही येऊ शकतो. मुलांच्या अंथरूण ओले करण्यावर इमिप्रॅमिन पूर्वीपासून दिले जात असे. त्याच्या परिणामात इतर क्रियांचाही वाटा मानला जातो.

त्याच वर्षाच्या अखेरीस, वयाच्या ९२ व्या वर्षी, मेरिलंड राज्यात ॲक्सेलरॉड यांचे निधन झाले.