गागोद्याचे विनोबा आणि सर्वांसाठी उघडे दार

अलिबाग किंवा कोर्लईला जाताना आपल्यापैकी अनेकांनी धरमतरचा पूल ओलांडला असेल. पूर्वी मुंबईहून धरमतर बंदरात फेरीबोट येत असे आणि पेणच्या परिसरातील माणसे तिनेच मुंबई गाठत. या खाडीपासून आत, पेण तालुक्यातील डोंगरांच्या कुशीत गागोदे नावाचे लहानसे गाव आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी तेथे विनायक नरहरी भावे यांचा जन्म झाला. जग त्यांना आचार्य विनोबा भावे या नावाने ओळखते.

एका हिंदू तपस्व्याचे चरित्र आम्ही येथे का सांगत आहोत, असे कुणी विचारील. अलीकडे एक विचार आपल्या घरांतही सहज बोलला जातो. चांगले आणि वाईट ही ज्याची त्याची मते आहेत, प्रत्येक समाजाची नीती वेगळी, तेव्हा कुणी कुणाला चूक म्हणू नये, असा तो विचार. १८ एप्रिल २००५ रोजी, पोपपदी निवड होण्याच्या आदल्या दिवशी, कार्डिनल रॅट्झिंगर यांनी आपल्या प्रवचनात या सापेक्षतावादाला हुकूमशाहीची उपमा दिली होती. भिन्न धर्मांच्या आपल्या देशात तर हा विचार सहिष्णुतेचा वेष घेऊन येतो. विनोबांइतका सर्व धर्मांचा आदर करणारा माणूस शोधून सापडणार नाही. तरीही नीती सर्वांसाठी एकच आहे, यावर त्यांची अढळ श्रद्धा होती.

ही श्रद्धा ग्रंथांतून येण्यापूर्वी घरातून आली. आजोबा शंभुराव शिवभक्त होते. एकदा पूजेच्या वेळी मूर्तीवर विंचू चढलेला दिसला. लोक त्याला मारायला धावले. तो देवाच्या आश्रयाला आला आहे, त्याला कुणी हात लावायचा नाही, असे सांगून आजोबांनी पूजा तशीच पुढे चालवली. आई रुक्मिणीबाई दारी आलेल्या याचकाला कधी रिकाम्या हाती पाठवीत नसत. धडधाकट माणसाला भिक्षा घातल्यास आळस वाढतो, असा वाद लहान विन्याने घातला. पात्र कोण आणि अपात्र कोण हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे आईने त्याला समजावले. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात संत पौल अंतःकरणावर लिहिलेल्या नियमाविषयी सांगतो. नियमशास्त्र हाती नसलेल्या माणसांच्या ठायीही तो असतो. भावे कुटुंबाच्या या आठवणी वाचताना आम्हाला त्या वचनाचे स्मरण झाल्याशिवाय राहत नाही.

पुढे कुटुंब वडिलांच्या नोकरीच्या गावी, बडोद्याला गेले. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा वाटेत सुरतेला उतरले आणि काशीला गेले. त्याच वर्षी ७ जून रोजी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली. १९२१ पासून वर्धा ही त्यांची कर्मभूमी ठरली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहात गांधीजींनी पहिले सत्याग्रही म्हणून त्यांचीच निवड केली.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ऐंशी एकर जमीन मागितली. सभेतील रामचंद्र रेड्डी यांनी तेथल्या तेथे शंभर एकर देऊ केली. भूदानाचा आरंभ असा झाला. त्यानंतर विनोबा तेरा वर्षे देशभर पायी फिरले आणि चाळीस लाखांहून अधिक एकरांची दानपत्रे मिळाली. त्यातील बरीच जमीन नापीक किंवा वादग्रस्त निघाली, पुष्कळशी वाटलीही गेली नाही, हे सांगितले नाही तर चरित्र अपुरे राहील.

मात्र आमच्या मते विनोबांची खरी कसोटी मंदिरांच्या दारांत लागली. सप्टेंबर १९५३ मध्ये बिहारमधील वैद्यनाथधाम येथे हरिजनांसह दर्शनाला गेले असता त्यांच्यावर हल्ला झाला. त्या मारात त्यांच्या एका कानाची श्रवणशक्ती गेली. १९५५ मध्ये ते जगन्नाथपुरीला पोहोचले. सोबत एक फ्रेंच भगिनी होती. तिला प्रवेश नाही असे कळताच विनोबाही बाहेरूनच परतले. केरळात गुरुवायूरलाही तेच घडले. सोबतच्या ख्रिस्ती स्नेह्यांना आत घेणार नसाल तर मलाही यायचे नाही, अशी त्यांची भूमिका होती. अखेर १९५८ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार त्यांच्यासह अन्य धर्मीय सोबत्यांनाही उघडले. त्यांत एक जर्मन ख्रिस्ती भगिनी होती. विठ्ठलासमोर उभ्या असलेल्या विनोबांचे डोळे त्या दिवशी भरून आले होते.

सापेक्षतावादी माणूस पुरीच्या दारात काय म्हणाला असता? ही येथील रूढी आहे, तिचा मान राखावा, असे म्हणून तो एकटाच आत गेला असता. विनोबांनी रूढीला रूढी म्हणून ओळखले, पण तिला नीतीचे स्थान दिले नाही. ज्या धर्मावर त्यांचे प्रेम होते, त्याच्याच दारात त्यांनी हे मोजमाप वापरले, हे विशेष.

मे १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात वीसएक दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. विनोबांनी त्यांना प्रेमाने जवळ केले, परंतु शिक्षेतून सुटकेचे आश्वासन दिले नाही. केलेला गुन्हा गुन्हाच होता आणि त्याला न्यायालयात सामोरे जायचे होते. दया आणि न्याय यांची ही सांगड आपल्या प्रायश्चित्त संस्काराच्या जवळची आहे.

त्यांनी कुराणाचे आणि ख्रिस्ती शिकवणुकीचे सार स्वतंत्र पुस्तकांत संकलित केले. कुराण मुळातून वाचता यावे म्हणून ते अरबी शिकले. सर्वच धर्म सारखे म्हटले की प्रश्न मिटतो, असे त्यांना वाटत असते तर सार काढण्याचे कष्ट कशाला घेतले असते? सार काढायचे म्हणजे निवड करावी लागते, आणि निवडीसाठी मोजमाप लागते. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही असे घोषित केले. त्या वाटेवर विनोबा आपल्याला भेटतात. मात्र आपल्यासाठी प्रभू येशू केवळ थोर गुरू नसून तारणारा आहे, आणि तेथे आपल्या वाटा वेगळ्या होतात.

त्यांच्याही निर्णयांचे मोजमाप झाले पाहिजे. १९७५ मध्ये आणीबाणी आली तेव्हा मौनात असलेल्या विनोबांनी तिला अनुशासनपर्व म्हटल्याचे सर्वत्र छापून आले आणि सरकारी संत अशी त्यांची हेटाळणी झाली. आपल्याला राज्यकर्त्यांचे नव्हे तर आचार्यांचे अनुशासन अभिप्रेत होते, असा खुलासा त्यांनी पुढे केला. हजारो माणसे तुरुंगात असताना तो खुलासा उशिराचा वाटतो. एप्रिल १९७९ मध्ये केरळ आणि पश्चिम बंगालात गोहत्याबंदी व्हावी म्हणून त्यांनी उपवास केला. एका समाजाची पूज्यभावना सर्वांवर कायद्याने लादता येईल का, हा प्रश्न तेव्हा ख्रिस्ती आणि मुस्लिम बांधवांना पडला. आम्हालाही पडतो.

नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनार आश्रमात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. काही दिवसांतच त्यांनी अन्न, पाणी आणि औषध सोडले. इंदिरा गांधींनी येऊन विनंती केली, तरी त्यांचा निश्चय ढळला नाही. १५ नोव्हेंबर रोजी, दिवाळीत, त्यांनी देह ठेवला. अनेकांनी त्यात संताचे समाधिमरण पाहिले.

ख्रिस्तसभेची शिकवण येथे वेगळी आहे. मृत्यू समीप असताना असह्य आणि निष्फळ उपचार नाकारता येतात, असे १९८० च्या व्हॅटिकनच्या जाहीरनाम्यात स्पष्ट केले आहे. परंतु जीवन ही देवाची देणगी असल्याने मृत्यू यावा या हेतूने अन्नपाणी सोडणे आपण योग्य मानू शकत नाही. त्यांची परंपरा वेगळी होती, एवढे म्हणून हा विषय सोडून देणे सोपे होते. तसे करणे म्हणजे पुरीच्या दारातून एकटेच आत जाण्यासारखे झाले असते. म्हणून त्यांच्याविषयीचा सारा आदर मनात ठेवून आम्ही येथे असहमती नोंदवतो. गागोद्याच्या या सुपुत्राला भारत सरकारने १९८३ मध्ये मरणोत्तर भारतरत्न दिले.