गावोगावी पुस्तके पोहोचविणारे महाराज
बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचा जन्म १८६३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी शेतकरी कुटुंबात झाला. १८७५ मध्ये दत्तक जाईपर्यंत त्यांना अक्षरओळखही नव्हती.

१९०६ मध्ये त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मात्र शाळा सुटल्यावर हाती पुस्तक नसेल, तर शिकलेली अक्षरे विसरली जातात, हे त्यांनी ओळखले. १९१० मध्ये अमेरिकी ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना त्यांनी बडोद्यास पाचारण केले. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी पुस्तके व खेळ असलेला स्वतंत्र विभाग सुरू झाला. लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये खेड्यांत पोहोचली. ग्रामस्थांनी वर्गणी जमविल्यास सरकारही भर घालीत असे.

१९३९ मध्ये महाराजांचे निधन झाले. वाचनाची गोडी लावणे हेही राज्यकर्त्याचे कर्तव्य असते, हे त्यांनी कृतीने दाखवून दिले.