सत्यनिष्ठ हक्स्ले

थॉमस हेन्री हक्स्लेचा जन्म ४ मे १८२५ रोजी लंडनजवळील ईलिंग या गावी झाला. वडील शिक्षक असूनही हक्स्लेला शाळेचा लाभ जेमतेम दोनच वर्षे झाला. परंतु त्याची ज्ञानलालसा दांडगी होती. जर्मन भाषा तो स्वतःच शिकला. पुढे शिष्यवृत्ती मिळवून त्याने लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात वैद्यकाचे शिक्षण घेतले.

१८४६ साली हक्स्ले 'रॅटलस्नेक' या आरमारी जहाजावर सहायक शल्यवैद्य म्हणून निघाला. ऑस्ट्रेलिया व न्यू गिनी यांच्या किनाऱ्यांलगतच्या समुद्राची पाहणी करण्यास ते जहाज चालले होते. खलाशांवर उपचार करणे हे त्याचे नेमलेले काम. उरलेला वेळ तो जाळ्याने जेलीफिश पकडण्यात घालवी. हे मऊ प्राणी पाण्याबाहेर काढताच नासू लागतात. म्हणून त्यांचे विच्छेदन हेलकावणाऱ्या जहाजावरच करावे लागे. त्यांचे शरीर मुख्यतः दोन पापुद्र्यांचे बनलेले असते, हे त्याने दाखवून दिले. त्याचा हा निबंध रॉयल सोसायटीने १८४९ साली प्रसिद्ध केला आणि १८५१ साली त्याला आपले सदस्यत्व दिले. तेव्हा तो अवघा सव्वीस वर्षांचा होता.

पुढे आरमार सोडून तो लंडनमध्ये प्राध्यापक झाला. डार्विनच्या उत्क्रांतिवादाचा खंदा पुरस्कर्ता म्हणून त्याची कीर्ती दूरवर पसरली.

अटलांटिक महासागराच्या तळातून १८५७ साली काढलेला चिखल मद्यार्कात जपून ठेवलेला होता. १८६८ साली तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना हक्स्लेला त्यात एक बुळबुळीत पदार्थ दिसला. हा अगदी साधा, आद्य असा जीव असावा, असे मानून त्याने त्यास 'बॅथिबियस' हे नाव दिले. विद्वानांत या शोधाचा मोठा बोलबाला झाला.

१८७२ साली 'चॅलेंजर' जहाज सागरसंशोधनासाठी निघाले. ताज्या चिखलात मात्र बॅथिबियस कोठेच आढळेना! अखेर जहाजावरील रसायनशास्त्रज्ञ बुकॅनन याने उलगडा केला. समुद्राच्या पाण्यात मद्यार्क मिसळताच तसाच साका तयार होई. तो जीव नव्हे, निव्वळ एक क्षार होता.

ही वार्ता कळताच हक्स्लेने सबबी सांगितल्या नाहीत. १८७५ साली त्याने आपली चूक स्वतः जाहीरपणे छापून कबूल केली. त्याची प्रतिष्ठा त्यामुळे घटली नाही. १८८४ साली स्थापन झालेल्या ब्रिटनमधील सागरी जीवशास्त्र संघाचा तोच पहिला अध्यक्ष झाला.

२९ जून १८९५ रोजी हक्स्ले निधन पावला. शोध लावण्यास बुद्धी लागते. पण आपलाच गाजलेला शोध खोटा ठरला, हे मान्य करण्यास मनाचे धैर्य लागते. हक्स्लेच्या अंगी ही दोन्ही होती.