उघड्या आभाळाखालचा सुभेदार

बारामती-इंदापूर परिसरात दिवाळीनंतर गार वारे सुटू लागले, की उघड्या रानात धनगरांची पाले दिसू लागतात. मेंढरे वाघरीत कोंडलेली, मध्ये शेकोटी आणि तिच्याभोवती घोंगडी पांघरून निजलेली माणसे. शहरात दारे-खिडक्या लावून दुलई ओढणाऱ्यास हे दृश्य अंगावर काटा आणणारे वाटेल. मात्र अठराव्या शतकात हिंदुस्थानच्या राजकारणावर ज्यांनी आपला ठसा उमटविला, ते सुभेदार मल्हारराव होळकर याच जीवनपद्धतीत वाढले होते.

मल्हाररावांचा जन्म १६ मार्च १६९३ चा. बारामतीच्या पश्चिमेस नीरा नदीच्या काठी वसलेले होळ हे त्यांचे गाव. या गावावरूनच त्यांच्या घराण्यास होळकर हे नाव पडले. हीच नीरा पुढे इंदापूर तालुक्यातील नरसिंहपूर येथे भीमेस मिळते. वडील खंडोजी लवकर निवर्तले आणि आई लहानग्या मल्हारीला घेऊन खानदेशात तळोदे येथे आपले बंधू भोजराज बारगळ यांच्याकडे गेली. तेथे मामाची मेंढरे राखण्यात मल्हाररावांचे बालपण गेले. भोजराज सरदार कदमबांडे यांच्या पदरी काही घोडेस्वार बाळगून होते. मेंढरांमागे फिरणारा भाचा त्या पथकात दाखल झाला. पुढे मामांची कन्या गौतमाबाई हिच्याशी त्यांचा विवाह झाला.

उघड्यावर निजणे हे एक शास्त्रच आहे. थंडीच्या रात्री वाऱ्याइतकीच जमीनही शत्रू असते. निजलेल्या माणसाच्या अंगातील ऊब ती सतत ओढून घेते. आभाळ निरभ्र असेल तर दिवसाची उष्णता झपाट्याने निघून जाते आणि पहाट सर्वांत गार होते. म्हणूनच मेंढपाळ अंगाखाली काहीतरी अंथरतो, वाऱ्याचा आडोसा पाहतो, शेकोटी जागती ठेवतो आणि उपाशीपोटी निजत नाही. दख्खनी मेंढीच्या जाडसर लोकरीची घोंगडी दव पडले तरी बरीचशी ऊब धरून ठेवते.

बाजीराव पेशव्यांच्या फौजेत मल्हाररावांना याच सवयीचा उपयोग झाला. मराठ्यांच्या हलक्या घोडदळाकडे तंबू-डेऱ्यांचा पसारा फारसा नसे. घोड्याचा लगाम हाताशी ठेवून, भाला जमिनीत रोवून स्वार उघड्यावर निजत, अशी वर्णने आढळतात. १७२७-२८ च्या मोहिमेत बाजीरावांनी निजामाला असेच पळवून दमविले. अवजड तोफखाना मागे टाकणे निजामाला भाग पडले आणि फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडजवळ तो कोंडला गेला. या मोहिमेत मल्हारराव होते. दहा वर्षांनी, ऐन हिवाळ्यात, भोपाळजवळ निजाम पुन्हा वेढ्यात सापडला. अन्न-वैरणीवाचून त्याच्या फौजेचे हाल झाले आणि जानेवारी १७३८ मध्ये त्याला तह करावा लागला. तेथेही मल्हारराव होते. अडकून पडलेल्या फौजेची दशा काय होते, हे त्यांनी दोनदा वेढा घालणाऱ्याच्या बाजूने पाहिले.

दरम्यान ते माळव्याचे सुभेदार झाले. कुंभेरीच्या वेढ्यात १७५४ मध्ये त्यांचा एकुलता एक पुत्र खंडेराव तोफेचा गोळा लागून पडला. सती जाण्यास निघालेल्या सुनेला, अहिल्याबाईंना, त्यांनी परावृत्त केले. १७५८ च्या वसंतात रघुनाथरावांबरोबर ते लाहोरपर्यंत गेले. मात्र त्यांना अपयश आलेच नाही असे नव्हे. मार्च १७६० मध्ये सिकंदराबाद येथे अफगाणांनी त्यांच्याच छावणीवर अचानक झडप घालून मोठी हानी केली.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरअखेर सदाशिवरावभाऊंची फौज पानिपतास येऊन थांबली, तेव्हा मल्हारराव सदुसष्ट वर्षांचे होते. बायका-मुले, यात्रेकरू व अवजड सामान मागे ठेवून गनिमी काव्याने लढावे, असा त्यांचा सल्ला होता असे सांगतात. तो मानला गेला नाही. छावणीभोवती खंदक खणला गेला आणि अडीच महिने लाखाच्या घरातील जनसमुदाय एकाच जागी खिळून राहिला.

पानिपतची थंडी दख्खनच्या थंडीसारखी नाही. पौषात तेथे दाट धुके पडते, दुपारपर्यंत ऊन दिसत नाही आणि ओलसर गारठा हाडांत शिरतो. दक्षिणेतून आलेल्या शिपायांकडे या थंडीस पुरेसे कपडे नव्हते. समोरचे अफगाण बर्फाच्या मुलखातले आणि त्यांना दुआबातून रसद मिळत होती. डिसेंबरमध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि मराठ्यांची रसद आटली. सरपण व गवत आणण्यासाठी रात्री बाहेर पडलेल्या अनेकांना शत्रूने कापून काढले. अन्न नाही, शेकोटीला लाकूड नाही आणि हालचालही नाही. उघड्यावर माणसाला तगविणारी तिन्ही साधने एकाच वेळी संपली. उपाशी घोडी जागच्या जागी मरू लागली. निजामाची जी अवस्था मल्हाररावांनी भोपाळला केली होती, तीच आता त्यांच्या वाट्यास आली.

१४ जानेवारी १७६१ रोजी उपाशी फौज लढाईसाठी बाहेर पडली. विश्वासराव व भाऊ कामी आले आणि मल्हारराव आपल्या पथकासह रणांगणातून निघून गेले. याबद्दल त्यांना दोष दिला जातो, तर काहीजण भाऊंच्या आज्ञेचा दाखला देऊन त्यांचा बचाव करतात. इतिहासकारांत त्याबाबत आजही एकमत नाही. मात्र लढाईच्या दिवसाकडेच पाहत राहिले, की त्याआधीच्या अडीच महिन्यांच्या रात्री नजरेआड होतात. पराभवाची बरीचशी तयारी त्या रात्रींनी आधीच करून ठेवली होती.

त्यानंतरही म्हातारा सुभेदार घरी बसला नाही. उत्तरेत मराठ्यांची विस्कटलेली घडी बसविण्यासाठी तो पुन्हा मोहिमांवर निघाला. २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मुक्कामातच त्यांचे निधन झाले. तेथे त्यांची छत्री आहे.

पुढे अहिल्याबाईंनी देशभर तीर्थक्षेत्री धर्मशाळा, घाट व विहिरी बांधल्या. सासऱ्यांचे सारे आयुष्य आभाळाखाली गेले. सुनेने अनोळखी वाटसरूंच्या डोक्यावर छप्पर घातले. नीरेकाठच्या रानातील शेकोटी दिसली, की या दोन्ही गोष्टींची आठवण ठेवावी.